आमच्या आडतीतला दाढीवाला

आडत दुकानात दोन गोष्टी न बोलावता साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ माझी बायको महानंदा रोज झाडून काढते. किस्से मात्र कुणी झाडत नाही. उलट येणारा प्रत्येकजण त्यात मूठभर टाकून जातो!

कर्नाटकात, पण महाराष्ट्राच्या हद्दीजवळच, आळंदच्या बाजारात आमचं तुरीचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. संध्याकाळी चहाला चार माणसं जमतात. आधी बोलणं तुरीच्या भावाचं असायचं, नाहीतर कुणाच्या तरी सोयरिकीचं. गेल्या दिवाळीपासून मात्र जो येतो तो पायरी चढायच्या आधीच विचारतो, "सिद्राम, दाढीवाला कसा हाय?"

माझी तब्येत कुणी विचारत नाही!

*

झालं असं, की माझी पोरगी अक्षता बेंगळुरूला नोकरीला. कंपनीनं तिला थंडीभर जर्मनीला पाठवायचं ठरवलं. जायच्या आधी ती घरी आली, ती बसमधून एक भली मोठी काचेची पेटी घेऊन उतरली. पेटीवर चादर.

महानंदा दारात भाकरतुकडा घेऊन उभीच होती. परदेशी निघालेली लेक, दृष्ट काढायला नको? तिनं पोरीवरून ओवाळलं. मग पेटीवरून पण ओवाळलं. तिला वाटलं, आत मिक्सर असेल.

भाकरतुकडा टाकून झाला, पोरीच्या पायावर पाणी घातलं, आणि अक्षतानं चादर काढली. आत हातभर लांब पिवळसर सरडा! गळ्याखाली काट्यांची दाढी. तो महानंदाकडं बघून मान हलवायला लागला.

"अगं बाई!" म्हणून महानंदा थेट स्वयंपाकघरात.

"मम्मी, हा मँगो. बियर्डेड ड्रॅगन. काही करत नाही तो."

माझे वडील, अप्पा, ओसरीवर बसले होते. मी त्यांच्याकडं आशेनं बघितलं. घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते आता ह्या जनावराला बाहेरचा रस्ता दाखवणार, अशी माझी खात्री होती.

अप्पा म्हणाले, "आता काय करतूस? तुझ्या बायकोनं ओवाळून घेतलाय. ओवाळलेला पाहुणा परत धाडतेत व्हय?"

*

अक्षता दोन दिवस राहिली आणि दोन्ही दिवस सूचना देत राहिली. त्याला वरून बल्बची ऊब लागते. पाणी पेटीत शिंपडायचं. शेवग्याचा पाला, भोपळ्याची फोड. अधूनमधून अळ्या. थंडीत जास्त झोपला तर घाबरायचं नाही. गार हातानं धरायचं नाही.

आम्ही तिघं मान डोलवत होतो. नंतर कळलं, महानंदानं फक्त भोपळा ऐकला होता. मी फक्त बल्ब ऐकला होता, कारण लाइटबिल मी भरतो. आणि अप्पांनी "अळ्या" हा शब्द ऐकला, त्याच्या पुढचं त्यांना काहीच ऐकू आलं नाही!

निघताना बसच्या खिडकीतून ती मला म्हणाली, "पप्पा, पहिल्या वर्षी बेंगळुरूच्या खोलीत मला बोलायला हाच होता. सांभाळा."

पोरगी रडकी नाही. पण आवाज जरा हलला. आणि मला पहिल्यांदा कळलं, की बेंगळुरूहून रोज फोनवर "मजेत आहे" म्हणणारी माझी पोरगी संध्याकाळी सरड्याशी बोलत होती. मी घरी आलो आणि पेटीपुढं बसून त्याला म्हणालो, "बाबा रे, तू फक्त जग."

*

आता अळ्यांचा प्रश्न. आमचं घर बसवण्णांना मानणारं. पिढ्यान्‌पिढ्या घरात अंडं शिजलेलं नाही. अप्पांनी निकाल दिला, "पाला खाऊ दे, भोपळा खाऊ दे. पण उंबऱ्याच्या आत जीव मारून खायचं न्हाई."

"अप्पा, तो सरडा हाय."

"असू दे की. ज्या घरात ऱ्हायचं, त्या घराची रीत पाळायची."

मग मला शेजारचा गौतम आठवला. गौतम माझा शाळेपासूनचा मित्र, हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. त्यांच्या घरी अशी काही बंदी नसणार, असं मी मनातल्या मनात धरलं. जाऊन म्हणालो, "गौतम, तू जरा अळ्या चारशील का? आमच्यात चालत न्हाई."

गौतमनं चष्मा काढला. "आणि आमच्यात चालतंय, असं तुला कुणी सांगितलं? मी विपश्यनेला जाऊन आलो तवापासून सोडलोय सगळं. माझ्या लग्नात पनीर समजून तू काय काय खाल्लास, ते सांगू का वहिनीला?"

शेवटी तो तयार झाला, "विज्ञान म्हणून". तोडगा असा निघाला, की पाला घरात आणि अळ्या बाहेरच्या कट्ट्यावर. रोज शाळा सुटली की गौतम यायचा, मँगोला हातावर घ्यायचा आणि उंबरा ओलांडायचा.

गल्लीतले लोक म्हणायचे, "निघाला बघा दाढीवाला, हाटेलात जेवायला!"

*

अळ्या गव्हाच्या कोंड्यात वाढतात. तो डबा घरात शक्यच नव्हता, म्हणून दुकानात ठेवला. जन्मभर मी किडीशी भांडलो. कडुनिंबाचा पाला घातला, ऊन दिलं, चाळण्या मारल्या. आणि आता रोज सकाळी डबा उघडून बघायचो, कीड वाढली का!

तुरीच्या सीझनमध्ये उमरग्याचा एक व्यापारी आला. नमुना बघायची त्याची सवय वाईट, दिसेल त्या डब्यात हात घालतो. त्यानं ह्याही डब्यात घातला. मूठ वर काढली तर मुठीत वळवळ!

"सिद्राम! हे काय? माल किडलाय की सगळा!"

"तो माल विकायचा न्हाई हो," मी घाईघाईनं म्हणालो, "ते किडे आपण मुद्दाम पाळलेले हायेत."

तो माणूस हात झटकत उठला, तो चहासुद्धा न घेता गेला. आठवडाभर बाजारात एकच चर्चा, सिद्रामच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी त्याला परत बोलावून मँगो दाखवला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि सुटल्यासारखा म्हणाला, "म्हंजे खाणारा हाय तर! मला वाटलं, तू नुसतेच पाळायलास."

*

अप्पांचं आणि मँगोचं कधी जमलं, ते आम्हाला कळलंच नाही. सकाळी कोवळ्या उन्हात अप्पा कानटोपी घालून परसात बसतात आणि कन्नडमध्ये बसवण्णांची वचनं म्हणतात. एक दिवस बघतो तर मँगो शेजारच्या दगडावर. अप्पा एक ओळ म्हणाले, की हा मान हलवतो.

"बघितलास?" अप्पा मला म्हणाले. "चाळीस वर्षं तुला ऐकवायलोय. एकदा तरी अशी मान डोलवलास का?"

मी मँगोला मराठीत हाक मारून बघितली. त्यानं डोळासुद्धा हलवला नाही.

अप्पा म्हणाले, "कन्नडमधी बोल. बेंगळुरूचा हाय त्यो."

*

एकदा तो हरवला. दुपारची वेळ, ट्रकमधून पोती उतरत होती, सगळी दारं उघडी. पेटी रिकामी! हमालांनी पोती टाकली आणि शोधायला लागले. महानंदानं गल्ली पालथी घातली. गौतम शाळेतून पळत आला, तो म्हण घेऊनच आला, "घाबरू नको, सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

"आपल्याला कुंपणच न्हाई की रे!" मी ओरडलो.

पोत्यांमागं बघितलं, ट्रकखाली बघितलं, मोरीत बघितलं. मनात एकच, आता पोरीला काय सांगायचं? आमचा आरडाओरडा टिपेला पोचला, तेव्हा ओसरीवर झोपलेल्या अप्पांनी घोंगडं जरा बाजूला केलं. त्यांच्या छातीवर मँगो पसरलेला, डोळे मिटून.

"हळू बोला की," अप्पा म्हणाले. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

आमचा जीव भांड्यात पडला. हमालांनी त्या आनंदात चहा मागितला आणि तो मी पाजला, भज्यांसकट.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी सगळ्यांना सांगत नाही. अक्षताच्या कानावर जाता कामा नये.

यंदा थंडी जरा जास्तच पडली. त्यात लाइटचा खेळ. मँगोनं आधी भोपळा सोडला, मग अळ्या सोडल्या, मग कोपऱ्यात जाऊन बसला. एका रविवारी सकाळी महानंदानं हाक मारली तर हालचाल नाही. उचललं तर अंग गार, पाय लुळे.

गौतमला बोलावलं. त्यानं नाकापुढं आरसा धरला, पोट दाबून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "गेला रे, सिद्राम."

महानंदा पदर तोंडाला लावून रडायला लागली. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात पळालेली हीच बाई! पोरीनं आयुष्यात एक गोष्ट विश्वासानं हातात दिली होती, ती सुद्धा आम्हाला जगवता आली नाही.

गौतम हळूच म्हणाला, "रानात नेऊन ठेवू का?"

"रानात?" अप्पा उठले. "त्यो काय रस्त्यावरचा हाय? घरात जेवला, माझ्या छातीवर झोपला. घरच्याला जशी माती देतेत, तशीच द्यायची."

आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, बसवून माती देतात. अप्पांनी परसात बेलाच्या झाडाखाली स्वतः खड्डा खणला. महानंदानं पाणी कढत केलं, मग हातानं बघून कोमट केलं, आणि त्याला पितळी परातीत सावकाश आंघोळ घातली. अप्पांनी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. दाढीलाही थोडी लागली. डोक्यावर बेलाचं पान ठेवलं. विटेला टेकवून त्याला उन्हात बसवलं, सगळ्यांना शेवटचं दर्शन म्हणून. गौतम बाजारात गेला, "मी हार घेऊन येतो" म्हणाला.

आम्ही तिघं खाली मान घालून उभे. ऊन चांगलं तापलं होतं. अप्पांनी मुठीत माती घेतली आणि वचन म्हणायला सुरुवात केली.

तेवढ्यात महानंदाचा फोन वाजला. डोळे पुसण्याच्या नादात तिनं तो उचलला. व्हिडिओ कॉल! पडद्यावर अक्षता.

"मम्मी! मँगो दाखव ना."

महानंदा फोन लपवायला गेली आणि तो नेमका तिकडं वळला. मी डोळे मिटून घेतले. आता सांगावंच लागणार. मी घसा साफ केला.

"अय्या, कसला गोड बसलाय! पण मम्मी, कपाळाला विभूती कामून? आणि हे काय खायला दिलंय त्याला?"

मी डोळे उघडले. मँगोनं एक डोळा उघडला होता. डोक्यावरचं बेलाचं पान घसरून तोंडापुढं पडलं होतं आणि तो ते चावत होता!

महानंदा मटकन खालीच बसली. मला हसू येत होतं का रडू, ते मलाच कळेना. वचन मध्येच थांबलेलं. मँगोनं पान गिळलं आणि अप्पांकडं बघून मान हलवली.

"अज्जा, हातात माती कशाला? आणि तो खड्डा कसला?"

"बेलाला पाणी घालायला," अप्पा म्हणाले आणि पायानं माती खड्ड्यात लोटायला लागले.

त्याच वेळी मागच्या दारातून गौतम आला. पांढरा शर्ट, पडलेला चेहरा, हातात झेंडूचा हार.

"गौतमकाका! हार कुणाला हो?"

गौतमनं फोनकडं बघितलं. मँगोकडं बघितलं. मँगो आता दुसरं पान शोधत होता. गौतम सरळ पुढं गेला आणि त्यानं हार अप्पांच्या गळ्यात घातला.

"अगं, आज अप्पांचा वाढदिवस की!"

अक्षता तिकडं जर्मनीत टाळ्या वाजवायला लागली. "हॅपी बर्थडे अज्जा! कधी सांगितलं नाही कुणी! कितवा?"

अप्पांना स्वतःची जन्मतारीख माहीत नाही. गळ्यात झेंडू, मुठीत माती, असे ते उभे होते. त्यांनी वाकून मँगोला उचललं, छातीशी धरलं. त्यानं लगेच हारातल्या एका झेंडूला तोंड घातलं.

"पयलाच," अप्पा म्हणाले.