दुसऱ्यांदा घातलेली साखर

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा कागद फाडला. पण विश्वासकाका स्वतः म्हणाले, "लिही गं. मला तोंडाने सांगायला जमत नाही." म्हणून लिहितेय.

विश्वासकाका मिरजेचे, कुवेतच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. कुवेत शहरातल्या बनेद अल-गार भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. विजयाकाकू आणि मुलगी उन्हाळ्यात मिरजेला आलेल्या, काका एकटे. दारूला तिथे बंदी, म्हणून घरच्या घरी बियर करायची. बिनदारूची माल्ट बियर, साखर आणि पावाचं यीस्ट प्लास्टिकच्या पिंपात आठवडाभर. मग द्राक्षाच्या रसाच्या जाड, तारेच्या झाकणाच्या बाटल्यांत भरायचं, प्रत्येकीत एकच चमचा साखर. तेवढ्याने बाटलीत गॅस धरतो. मग दोन महिने कपाटात अंधारात. काकांचा सगळ्यांना एकच उपदेश, "घाई केली की बियर नाही, पावाचं पाणी मिळतं."

समोरच्या फ्लॅटमध्ये दापोलीचा ओवैस, त्याची बायको असमा, तिला सातवा महिना. ओवैस घोटभरसुद्धा पीत नव्हता, पण चिडवायचा मात्र रोज.

"दादा, पेटी पिकली काय ओ?"

"अजून वेळ आहे."

"आमचा हापूस पण एवढा भाव नाय खात!"

नव्वद सालच्या दोन ऑगस्टला सकाळी काका बाटल्या भरत होते. साखर घालून झाली, झाकणं लावायची राहिली. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन, इराकी सैन्य शहरात घुसलंय, लगेच या. काका तसेच पळाले. तीन दिवस घरी आलेच नाहीत. जखमी, रक्त, एक्स-रे, परत जखमी. घरी आले तेव्हा डोकं चालत नव्हतं. फडक्याने झाकलेल्या चोवीस बाटल्या ओट्यावर. साखर घातली की नाही? आठवेना. मग घातली. एकेक चमचा, सगळ्यांत. झाकणं घट्ट लावली आणि कपाट बंद.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एसी बंद पडला, दुरुस्त करणारे पळून गेलेले. खोलीची भट्टी झाली. तळमजल्यावर इराकी सैनिक राहायला आले. आणि एका दुपारी कपाटात धाड्‌! गोळी सुटल्यासारखा आवाज. काका जागीच बसले. सगळं एका क्षणात कळलं. साखर दुप्पट झालीय. आता तेवीस बॉम्ब आहेत कपाटात.

जिन्यात बूट वाजले. तोवर ओवैसने आपलं दार उघडलं होतं. वर आलेल्या सैनिकाला अरबीत हसत हसत म्हणाला, कुकर उडाला, या, बघा. आत नेऊन उघडा कुकर दाखवला. सैनिकाने बंदुकीची नळी असमाच्या पोटाकडे केली. परत आवाज आला तर हा अख्खा मजला रिकामा करू, म्हणाला, आणि गेला.

ओवैस काकांकडे आला. हसू गेलेलं.

"दादा, कपाटात काय आहे ते खरं सांगा."

काकांनी सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला. "अल्ला! खाली नेऊन टाकू या?"

"सैनिकांसमोरून दारू? आणि नेताना हलली तर हातात फुटेल. गरम उघडली तरी धडाका होणार. आधी फ्रिजमध्ये रात्रभर थंड करायची, मग ओल्या टॉवेलखाली तार जराशी सैल करून गॅस सोडायचा. एका वेळी आठ मावतात."

"म्हणजे तीन दिवस?"

"तीन दिवस."

आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस टॉवेल धरून मोरीत बसला. पहिल्या आठ निघाल्या. फुसफुस, फेस, मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आठ. वास बाहेर जाऊ नये म्हणून ओवैसने असमाला पलीकडे कांदा तळायला लावला. खरं कारण तिला माहीतच नव्हतं. ओवैसने तिला सांगितलं होतं, मोरी तुंबलीय.

राहिल्या सात. दुपारीच फ्रिजमध्ये ठेवलेल्या, तासभरसुद्धा झाला नव्हता. आणि जिन्यात परत बूट. वर येतायत, की नुसते फिरतायत? झडती घेतली तर? असमा? विजया, पोरगी, परत दिसतील का?

"काढ. आत्ताच संपवू."

"दादा, थंड नाय झाल्या. थांबू या ना."

"काढ म्हणतो ना!"

बूट खाली गेले. ते दोघांनाही ऐकू आलं. तरी काकांचा हात थांबला नाही. चौथी बाटली टॉवेलमध्येच फुटली. आवाज दबला, काच दबली नाही. ओवैस ओरडला नाही. शर्टाची बाही दातात धरून भिंतीला टेकला, आणि उजव्या डोळ्यातून रक्त.

काकांनी त्याला हॉस्पिटलात नेलं, पण डोळ्यांचे डॉक्टर देश सोडून गेलेले. नर्सने काच काढली. डोळा गेला. उरलेल्या तीन बाटल्या काकांनी दुसऱ्या दिवशी एकट्याने उघडल्या. पूर्ण थंड करून. काहीच झालं नाही.

सप्टेंबर संपताना तिघं बसने बगदाद, मग अम्मान, मग विमानाने मुंबई. वाटेत काका माफी मागायला तोंड उघडायचे. पट्टी बांधलेला ओवैस म्हणायचा, "असमा झोपलीय दादा, गप्प बसा. तिला सांगितलंय मी मोरीत पडलो."

मुंबईत निरोप घेताना म्हणाला, "पोर झालं की या बघायला."

आता वर्ष होत आलं. मुलगी झाली, जमिला. असमाचं पत्र आलंय, काकांच्या उशीखाली असतं. मी वाचलं. "तुम्ही यांना हॉस्पिटलात नेलंत म्हणून निदान एक डोळा वाचला. तुमचे उपकार कसे फेडू? जमिला चालायला लागली. हे रोज विचारतात, दादा कधी येणार."

उपकार! त्या शब्दापाशी काका थांबतात. तीनदा मिरज स्टँडवर जाऊन परत आले. म्हणतात, जरा वेळ जाऊ दे, नीट शब्द सुचले की जाईन. मी भांडले. काका, ती तुम्हाला देव समजतेय आणि तो रोज वाट बघतोय, शब्द कसले शोधताय? ते रडले. मीही रडले. काल म्हणाले, सोमवारी जातो. जातील का, मला खरंच माहीत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी जा. ज्याला तोंड दाखवायची तुमची हिंमत होत नाहीये, तो अजून दाराशी वाट बघत असेल. काय बोलायचं ते ठरवत बसू नका. या आठवड्यात जा.