साडूंचा पक्ष

माझ्या थोरल्या साडूंइतका पक्षनिष्ठ माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल, आणि त्या निष्ठेपायी इतका धास्तावलेलाही. गुलाबी अळीने कापसाची बोंडं पोखरली त्या वर्षी हे निवृत्त गुरुजी राळेगावजवळच्या आपल्या गावी पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुक्कामालाच होते म्हणा ना. सकाळी नेत्याचा फोटो टाकायचा आणि कोणाकोणाचा अंगठा आला ते बघत चहा थंड करायचा. एखाद्याचा आला नाही, की "हा तिकडं गेला का?" म्हणून जीव खालीवर. एकदा फेसबुकवर चुकून त्यांचाच अंगठा विरोधी पक्षाच्या व्हिडिओवर पडला. त्यांनी तो घाईघाईने काढला, फोन बंद केला आणि दिवसभर दाराकडे बघत बसले.

"कोणं पाह्यलं असन तं?"

"पाहू द्या. वरण थंड होऊन राह्यलं," मेहुणीबाई म्हणाल्या.

त्या विरोधी पक्षाचा गावातला खंदा माणूस म्हणजे समोरचा किराणा दुकानदार. फेसबुकवर दोघं एकमेकांना गद्दार, विकाऊ, वाट्टेल ते म्हणत. रस्त्यात भेटले की माना फिरवत.

मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. भरदुपारी त्यांचा धाकटा भाऊ कपाशीवर फवारणी करून आला आणि ओसरीतच कोसळला. डोळ्यांना दिसेना, तोंडाला फेस. साडूंनी ग्रुपवर लिहिलं, भावाला विषबाधा झाली आहे, गाडी पाठवा. लगेच उत्तर आलं: गुरुजी, असे मेसेज विरोधकांच्या हाती लागतात, डिलीट करा. साडू हातातल्या फोनकडे बघतच राहिले.

मेहुणीबाईंचा आक्रोश ऐकून दुकानदार मालाची गाडी दारात घेऊन आला. "काहून उभे राह्यले, गुरुजी? पाय धरा."

यवतमाळच्या दवाखान्यात भावाला आत नेल्यावर दोघं एकाच बाकावर बसले. साडूंनी भीत भीत विचारलं, "हे आता फेसबुकवर टाकशीन ना तू?"

"टाकलं असतं. पण मोबाईल दुकानातच राह्यला."

भाऊ वाचला. नजर परतायला मात्र बरेच दिवस लागले.

पुढे निवडणूक झाली. ओसरीत बसलो असताना मी सहज विचारलं, मत कोणाला दिलं?

"आपल्याच पक्षाले," साडू म्हणाले. पण अगदी हळू, समोरच्या दुकानात ऐकू जाऊ नये अशा आवाजात.