हॉथॉर्न कोर्टची उत्तरेकडची भिंत

मधुमतीने आणि मी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एकाच हॉस्पिटलात बरीच वर्षं काम केलं. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आणि ती वॉर्डात पेशंटना जेवण देण्याच्या कामावर. दुपारी डबा एकत्र खायचा हा आमचा नेम होता. त्यामुळे तिच्या घराची सगळी हकीकत मला तिच्याच तोंडून, घडत असतानाच ऐकायला मिळाली.

मधुमती मूळची मिरजेची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिचा नवरा श्रीनिवास होजियरीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. कारखाना बंद पडला, मग तो टॅक्सी चालवायला लागला, आणि मुलगी मालविका शाळेत असतानाच हार्ट अटॅकने गेला. मायलेकी भाड्याच्या टेरेस्ड, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहत होत्या. घरमालक माणूस म्हणून वाईट नव्हता, पण त्याला घर विकायचं होतं. त्याने रीतसर नोटीस दिली आणि ह्या दोघी बाहेर पडल्या. पुढच्या घरातही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. शेवटी शेवटी मालविका आपली खोकी पूर्ण उघडायचीच नाही. कपडे तेवढे काढायची आणि पुस्तकं खोक्यातच ठेवायची.

मधुमतीने कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, घरांच्या यादीत नाव घातलं. घरं रिकामी होतील तशी त्यांची जाहिरात यायची, आपल्याला चालेल त्या घरासाठी मागणी नोंदवायची, आणि ज्याची गरज जास्त त्याला ते मिळायचं. कित्येकदा तिचा नंबर थोडक्यात हुकला. मग एकदा हाउसिंग असोसिएशनचा फोन आला. असोसिएशन म्हणजे काय हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. ही नफा न कमावणारी संस्था असते, यादी कौन्सिलचीच पण घरं हिच्या मालकीची, आणि भाडं बाजारापेक्षा कमी. एवढं मधुमतीनेच मला डबा खाताना समजावून दिलं.

हॉथॉर्न कोर्ट ही विटांची तीन मजली इमारत. घर दाखवायला डॉयल नावाचा हाउसिंग ऑफिसर आला होता. मधुमतीने खोल्या बघितल्याच नाहीत. दारातच उभं राहून तिने विचारलं, इथे किती दिवस राहता येईल. डॉयल म्हणाला, पहिलं वर्ष परीक्षेचं समजा. ते नीट गेलं, की भाडं वेळेवर भरून आणि घर सांभाळून तुम्ही हवं तितकं राहा. तिने त्याला तेच वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग भिंतीला रंग देता येईल का हे विचारलं. हो म्हणाला. घर विकलं तर? आम्ही असं माणसांसकट घर विकून कुणाला बाहेर काढत नाही, म्हणाला. तेव्हा कुठे ती आत गेली आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघितली.

पहिलं वर्ष संपल्यावर तिने स्वयंपाकघर पिवळंधमक रंगवलं. मालविकाने खोकी उघडली.

पुढे मालविका शिकली, बर्मिंगहॅमला बँकेत लागली, तिने नवऱ्याबरोबर स्वतःचं घर घेतलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका मधुमतीला विचारायच्या, तू अजून तिथेच का? त्या विचारण्यातला हिणवणारा सूर तिला कळायचा. ती एवढंच म्हणायची की हो, तिथेच, आणि पुढच्या महिन्यात चहाला या.

मधुमतीच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये ईशिता राहायला आली, ती जेमतेम तिशीची होती. मँचेस्टरमध्ये वाढलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, सोबत चार वर्षांची मुलगी अन्वी. लिफ्टपाशी ईशिता अन्वीला मराठीतून दटावत होती, ते मधुमतीने ऐकलं आणि दोघींची ओळख झाली. ईशिताचं मराठी घरातलं, मोडकंतोडकं, पण ती हट्टाने तेच बोलायची. मधुमतीला ती मावशी म्हणायला लागली.

हिवाळ्यात अन्वीचा खोकला काही थांबेना. खालून तो वरपर्यंत ऐकू यायचा. एका रविवारी मधुमती काढा घेऊन खाली गेली. झोपायच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिला वास आला. कपाट भिंतीला तिरकं का लावलंय असं तिने विचारलं. मधुमतीने कपाट ओढलं. मागची भिंत खालपासून कमरेपर्यंत बुरशीने काळी झाली होती.

"मी रोज पुसते, मावशी," ईशिता म्हणाली. "ब्लीच लावते. पण भिंत परत काळा होतो."

असोसिएशनला का सांगितलं नाहीस, हे विचारल्यावर ती रडायला लागली. आधीच्या प्रायव्हेट घरात तिने बॉयलरची तक्रार केली होती आणि महिन्याभरात मालकाने घर सोडायला सांगितलं होतं. इथे तर तिचं पहिलं वर्षच चालू होतं. परीक्षेच्या वर्षात तक्रार करायची म्हणजे आपल्या हाताने दार उघडून बाहेर जायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

मधुमतीला ह्याचं खात्रीचं उत्तर माहीत नव्हतं, म्हणून तिने ते दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसला फोन केला, नाव न सांगता सरळ विचारलं, की पहिल्या वर्षात असलेल्या माणसाने दुरुस्ती मागितली तर त्याच्यावर काही कारवाई होते का. नाही, म्हणाले. भिंत, छप्पर, नळ, गरम पाणी ही जबाबदारी आमचीच, आणि दुरुस्ती मागितली म्हणून घर जात नाही. हे ऐकून मधुमती खाली गेली, आणि ईशिताच्या शेजारी बसून तिच्याकडून तक्रार नोंदवून घेतली.

आठवड्याभरात असोसिएशनचा एक तरुण येऊन गेला. त्याने भिंतीचा फोटो काढला, किती वेळा स्वयंपाक करता, कपडे घरात वाळवता का, खिडकी उघडता का, असं सगळं विचारलं, आणि एक पत्रक देऊन गेला. वाफेने बुरशी येते, म्हणून स्वयंपाक करताना झाकण ठेवा, खोली हवेशीर ठेवा, भिंत पुसत जा. बस, काम संपलं. ईशिताने त्या दिवसापासून वरणाचा कुकर लावणं बंद केलं. मायलेकी सँडविच खायला लागल्या.

ह्या गोष्टीने मधुमतीला जितका राग आला तितका बुरशीनेही आला नव्हता. डबा खाताना ती मला म्हणाली, "आपल्याच घरात वरणभात शिजवायची तिला भीती वाटते, सुप्रभा. हे कुणी केलं?"

त्याच सुमारास मालविका आली होती. हे सगळं ऐकून ती आईला म्हणाली, की आता पुरे, माझ्याकडे चल, खोली तयारच आहे. मुलीने मनापासून म्हटलं होतं. मधुमतीने तिचा हात धरला. "तुझ्याकडे मी कधीही येईन," ती म्हणाली, "पण पाहुणी म्हणून. हे घर माझ्या नावावर आहे. भाड्याचं असलं म्हणून काय झालं? माझं आहे."

मग तिने जे केलं ते साधं होतं, पण तोवर कुणी केलं नव्हतं. इमारतीच्या त्या, उत्तरेकडच्या बाजूला एकावर एक असे सहा फ्लॅट होते, प्रत्येक मजल्यावर दोन. ती एकेका दारावर गेली. सुरुवात ग्लेनिसपासून केली. ग्लेनिस नावाची ही म्हातारी इमारत बांधल्यापासून तिथे राहत होती. भिंतीबद्दल विचारल्यावर आधी ती नाहीच म्हणाली. मग मधुमतीने आपलीच गोष्ट सांगितली. तिच्याही पलंगामागे काळा पट्टा आला होता आणि तो तिने पिवळ्या रंगाने दोनदा झाकला होता. हे ऐकल्यावर ग्लेनिस उठली आणि तिने खोलीतला जाड पडदा बाजूला सारला. त्या पडद्यामागे खिडकी नव्हतीच. नुसती काळी भिंत होती.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या सोमाली कुटुंबाने भिंतीवर गालिचा टांगला होता. समोरच्या पोलिश जोडप्याने प्लायवूड ठोकलं होतं. सगळ्यांच्या घरात तेच, आणि आपल्याच गलथानपणाने असं झालंय, असं प्रत्येकाला वाटत होतं. कुणी शेजाऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण लाज वाटत होती.

मधुमतीने सगळ्यांना आपल्या पिवळ्या स्वयंपाकघरात बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, निम्मे लोक उभे राहिले. पोलिश गृहस्थ म्हणाला, कशाला वाकडं घ्यायचं, आम्हाला दुसरीकडे घर बदलून हवं आहे, तक्रारखोर म्हणून नाव झालं तर मिळायचं नाही. सोमाली बाईंच्या मनातही शंका होत्या. मधुमतीने कुणालाही आग्रह केला नाही. ती म्हणाली, भांडायचं नाही. फक्त एक दिवस ठरवून भिंतीवरचं सगळं काढून ठेवायचं, आणि ऑफिसातल्या मोठ्या माणसाला घरं दाखवायची. आपण बोलायचं नाही, भिंत बघू दे त्यांना. सगळ्यात आधी ग्लेनिसने हो म्हटलं. पोलिश जोडपं मात्र निघून गेलं.

असोसिएशनची दुरुस्ती विभागाची प्रमुख हेलन नावाची बाई होती. तिने दोनदा तारीख पुढे ढकलली. मधुमतीने प्रत्येक वेळी शांतपणे पुढची तारीख मागितली. ती काही हेलनने नाकारली नाही. शेवटी ती आली, त्या दिवशी मालविका मुद्दाम सुट्टी काढून आली होती आणि मीही गेले होते. आम्ही दोघी जिन्यात उभ्या होतो.

हेलन ईशिताच्या घरी गेली, मग मधुमतीच्या, मग ग्लेनिसच्या. पहिल्या घरी ती हवा खेळती ठेवण्याबद्दल बोलत होती. दुसऱ्या घरी कमी बोलली. ग्लेनिसकडे ती खुर्चीवर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. सोमाली कुटुंबानेही गालिचा उतरवून ठेवला होता. शेवटचं दार पोलिश जोडप्याचं. ते उघडंच होतं आणि प्लायवूड काढून बाहेर जिन्यात ठेवलेलं होतं.

तेव्हा मधुमती बोलली. इंग्रजीतच बोलली, सावकाश, शब्द निवडून. "ह्या सहा घरांत सहा तऱ्हेचं जेवण शिजतं, मॅडम. ग्लेनिस तर बटाटे उकडण्यापलीकडे काही करत नाही. भिंत मात्र आम्हा सगळ्यांची एकच आहे."

हेलनने मान डोलावली. तिने तिथूनच फोन लावला आणि इमारत तपासणाऱ्या सर्व्हेअरला बोलावून घेतलं.

भिंत उघडल्यावर सगळं कळलं. छताची पन्हळ आतल्या बाजूने कधीची फुटलेली होती, आणि पाणी दोन भिंतींमधल्या पोकळीत उतरत होतं. थंडी अडवायला त्या पोकळीत जो कापसासारखा थर भरतात, तो भिजून चिखलासारखा तळाशी बसला होता. माणसांच्या स्वयंपाकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. परांची उभी राहिली. काम वसंतभर चाललं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांना असोसिएशनने तात्पुरती घरं दिली. ईशिताला शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा देत होते, पण अन्वीची शाळा लांब पडली असती. मधुमतीची खोली आधी दुरुस्त झाली होती, म्हणून मायलेकी तिच्याकडेच राहिल्या. त्या दिवसांत मधुमतीच्या डब्यातून माझ्यासाठीही अन्वीने केलेली वेडीवाकडी पोळी यायची.

काम पूर्ण झाल्यावर हेलन पुन्हा आली, कुणी न बोलावता. सहाही घरांत जाऊन तिने माफी मागितली. ईशितापाशी ती जास्त वेळ थांबली. तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नव्हतं, हे तिने ईशिताला अगदी स्पष्ट सांगितलं. त्या रात्री खालच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मधुमतीने वर बसून त्या ऐकल्या.

असोसिएशनच्या बोर्डावर भाडेकरूंसाठी जागा असते. ती भरायची वेळ आली तेव्हा ग्लेनिसने मधुमतीचं नाव सुचवलं. मधुमती घाबरली. तिथे हिशेबनीस असतात, वकील असतात, माझ्या इंग्रजीला हसतील, असं मला म्हणाली. मालविकाने तिच्यासाठी नवा कोट आणला, पण पहिल्या सभेला ती जुनाच घालून गेली. ती म्हणाली की ओळखीचा कोट अंगात असला की बरं वाटतं.

तिथे कुणी हसलं नाही. तिने लावून धरलेली पहिली गोष्ट अशी होती, की ओल आल्याची तक्रार आली तर आधी भिंत, पन्हळ आणि छप्पर तपासायचं, आणि मग माणसाला प्रश्न विचारायचे. ह्यावर दोन सभा चर्चा चालली. मग तो नियम झाला. ते जुनं पत्रक आता कुणाच्या हातात देत नाहीत.

मालविका तिच्या बँकेतल्या लोकांना सांगते, माझी आई एका हाउसिंग असोसिएशनच्या बोर्डावर आहे. तिच्या आवाजात तेव्हा जे येतं ते मी एकदा फोनवर ऐकलं आहे. मंडळातल्या बायका आता मधुमतीला वेगळेच प्रश्न विचारतात. भाच्याला असं घर मिळेल का? घटस्फोटानंतर घर बायकोच्या नावावर राहतं का? कुत्रा पाळता येतो का? तिला माहीत असतं तेवढं ती सांगते. नसेल तर विचारून सांगते म्हणते, आणि खरोखरच विचारून सांगते.

ईशिताचं परीक्षेचं वर्ष कधीच पार पडलं. तिने झोपायच्या खोलीची ती भिंत अन्वीच्या हट्टापायी जांभळी रंगवली आहे.

मागच्या महिन्यात मी मधुमतीकडे गेले होते. तळमजल्यावर एक मध्यमवयीन माणूस सामान उतरवत होता. नुकतीच किल्ली मिळाली होती आणि कुठून सुरुवात करावी हे त्याला कळत नव्हतं. मधुमतीने आपण होऊन विचारलं, काही अडलंय का, आणि मीटर, कचरा, भाडं असं एकेक सांगायला लागली. एवढी सगळी माहिती ती देते आहे म्हणून त्याने विचारलं, तुम्ही ऑफिसकडून आलात का?

"नाही," मधुमती म्हणाली, "मी भाडेकरू आहे. वरच्या मजल्यावर राहते."

मग ती त्याला आत घेऊन गेली आणि पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद करायचा ते दाखवू लागली.