धुऱ्यावरची पांढरी रेघ

धावण्याच्या मार्गाची माझी कसोटी साधी आहे. जिथून निघालो तिथेच परत यावे, पण गेलेल्या वाटेने नव्हे. वर्तुळ पूर्ण झाल्याशिवाय मला तो मार्ग वाटतच नाही. आयुष्यभर फळ्यावर नकाशे काढलेल्या भूगोलाच्या शिक्षकाची ही खोड असेल. निवृत्तीनंतर मी ती पायांनी भागवत होतो.

बोरगाव मेघेच्या अगदी शेवटच्या ले-आउटमध्ये आमचे घर आहे. प्लॉट संपले की वावरे, म्हणजे शेते, सुरू होतात. तिथून निघते पांदण. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळींचे काटेरी कुंपण आणि मधून एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. दिवाळी आटोपली होती. कपाशी फुटली होती, तुरीवर पिवळा फुलोरा होता, आणि पांदणीतली धूळ दवाने इतकी मऊ झालेली की बुटांचा आवाजच होत नसे. पांदण संपते तिथे छोटे बुद्धविहार आहे. आम्ही पोहोचायचो तेव्हा आत वंदना चाललेली असे. श्वास आपोआप त्या लयीत यायचा.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझी पत्नी. शाळेत ती खो-खो खेळायची. लग्नानंतर मात्र ती पळाली ती फक्त एसटी पकडायला. यंदा ती माझ्यामागे म्हणून पळू लागली आणि पाहता पाहता पुढे गेली. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, वेग त्यापेक्षा अधिक नको, हे मी तिला शिकवले होते. ती पूर्ण परिच्छेद बोलायची.

अडचण परतीची होती. विहारापासून घरी यायला डांबरी रस्ता, आणि त्यावर कापसाच्या गाड्या. एके सकाळी ठासून भरलेला एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्याचा लोंबता दोर तिच्या कोपराचे सालटे काढून गेला. घरी येऊन तिने हळद लावली आणि बूट पलंगाखाली सरकवले.

"अहो, तुम्ही जात जा. माझं झालं पळून."

पांदणीनेच परतावे, तर तोवर गुरे आणि बैलबंड्या निघालेल्या असतात, आणि काट्यांमुळे बाजूला व्हायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी मी एकटा धावलो. मागेपुढे कोणी बोलत नव्हते. तेव्हाच ठरवले, डांबरी रस्ता टाळणारी वाट सापडली नाही, तर तिचे धावणे इथेच संपेल.

आणि वाट सापडली! वावरांच्या पलीकडे कालव्याच्या काठाने मातीचा रस्ता आहे, तो थेट आमच्या ले-आउटच्या मागे येतो. पांदण आणि कालवा यांच्यामध्ये होता केवळ एक धुरा, दोन वावरांमधला मातीचा बांध. डावीकडे ज्वारी आणि तिच्या कडेला मिरची, उजवीकडे कपाशी. धावून झाली नसेल एवढी धडधड मला तिथे नुसते उभे राहून झाली. वावरात कोणीच नव्हते. उद्या येऊन रीतसर विचारू, असे मी ठरवले.

परंतु शिक्षकाचा हात स्वस्थ बसत नाही. झुंजुमुंजूच्या उजेडात पत्नीचा पाय मिरचीत पडू नये म्हणून मी त्याच संध्याकाळी पिशवीभर फक्की नेली, शाळेच्या मैदानावर आखतात तोच चुना, आणि धुऱ्यावर सरळ, सुबक रेघ ओढली.

घरी येऊन पत्नीला सांगितले.

"ट्रक?" तिने विचारले.

"एकही नाही."

"कुत्री?"

"मला आढळली नाहीत."

"म्हणजे आहेत," ती म्हणाली. पण बूट बाहेर आले.

सकाळी धुऱ्याजवळ पोहोचतो तो भांडण ऐकू आले. ज्वारीच्या बाजूला नऊवारीतली एक वृद्धा, कपाशीच्या बाजूला धोतरातले तिचे दीर, आणि मधे माझी रेघ.

"भाऊजी, मले न सांगता मोजणी आणली तुमी?"

"मी काऊन आणू, वहिनी? तुमच्याच पोरानं आणली असन. पाहा ना, रेघ माह्याच कपाशीकडे सरकवून ठेवली!"

"सरकवली? माही मिरची खाऊन राह्यली थे रेघ!"

बांधावर चुना म्हणजे जमिनीची मोजणी, आणि मोजणी म्हणजे वाद. हे मला सुचायला हवे होते. मी पुढे झालो. "माफ करा, ती रेघ मी ओढली."

दोघांचे भांडण क्षणात मिटले, कारण आता दोघांना मी मिळालो होतो.

"काऊन जी गुरुजी, आमचं वावर मोजता?" दिरांनी विचारले. गावात मला सगळे गुरुजीच म्हणतात.

"मोजत नाही. इथून धावायचे होते."

"धावाचं?" आजीने माझ्यामागे वाकून पाहिले. "कोण लागलं तुमच्या मांगं?"

पत्नी खळखळून हसली. "ट्रक लागला होता, मावशी!" तिने बाही सारून कोपर दाखवले आणि सगळे सांगितले.

आजीने ते खरचटलेले कोपर पाहिले, मग पांढरे बूट. "तुमी पन पयता? या वयात?"

"पळत होते. तुम्ही वाट दिली तर पळीन."

दिरांनी कपाशीकडे पाहिले. "माही हरकत नाई. पन झाडाले धक्का नाई लागला पायजे."

आजी मात्र ज्वारीकडे पाहत होती. "पयाचं त पया. पन मुक्यानं नाई. पोपट कणसं सोलून राह्यले. जाता जाता वरडत जाजा. अन् गुरुजी, आधी थे रेघ पुसा."

मी बुटाने रेघ पुसली. पत्नीने ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि "होऽऽ हो!" अशी आरोळी ठोकत धुऱ्यावर उडी घेतली. त्या गळ्यात तेवढा आवाज आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. मीही निघालो. वर्गात सतत 'आवाज नको' म्हणणाऱ्याच्या तोंडून खोकल्यासारखे काहीतरी निघाले.

"गुरुजी," मागून दीर ओरडले, "तुमचा आवाज नाई येऊन राह्यला!"

"शाळेतले पोट्टे कसे भेत होते या गुरुजीले?" आजी म्हणाली.

मग मी पोटातून ओरडलो. ज्वारीतून हिरवा थवा फडफडत उठला, डोक्यावरून वळला, आणि त्याच्याखाली मला पत्नी दिसली. कालव्याच्या रस्त्याला लागलेली, न थांबता घराकडे निघालेली, अजूनही ओरडत.