बाळंतिणीच्या खोलीतली हवा

एकोणीसशे साठच्या दशकात मी अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि प्रबंधासाठी घराघरांतली हवा तपासत होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी जळली की एक विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो असला तर पॅलेडियमच्या क्षारात भिजवलेली कागदाची पट्टी काळी पडते. पद्धत सोपी होती. पाण्याने भरलेली बाटली खोलीत उपडी करायची, म्हणजे पाणी जातं आणि तिथली हवा आत येते. लगेच बूच. बाळंतिणीच्या खोलीत मला कोणी घेत नसे, तिथल्या बाटल्या घरच्या बाया भरून देत.

त्या हिवाळ्यात धाकटी बहीण बाळंतपणाला अकोल्याला माहेरी आली होती. सातव्या दिवशी मी पोचले, तर खिडकीच्या फटींत चिंध्या, बाजेखाली शेगडी. बाळंतिणीला दहा दिवस शिवायचं नाही, शिवलं तर आंघोळ. आत जात होती ती फक्त हिवरखेडची आत्या.

"ताई, डोकं लय ठणकून राह्यलं," बहीण आतून म्हणाली. "दोनदा उलटी झाली."

"शेगडी बाहेर काढ आत्या."

"अन् लेकराले सर्दी झाली त? तुया कॉलेजात बाळंतपणं करतेत का?"

वाद घालण्यापेक्षा पुरावा दाखवावा, असं ठरवलं. पुराव्यावर तेव्हा माझा फार विश्वास. आत्याला बाटली समजावून दिली आणि मागे विहिरीवर कपडे धुवायला गेले.

परत आले तेव्हा बाटली ओट्यावर तयार होती. पट्टी सोडली. पांढरी. तासाभरानेही पांढरीच.

"हवा ठीक आहे," मी दाराबाहेरून बहिणीला सांगितलं. "झोप आता."

दुपारी जेवणं झाल्यावर हाक मारली. उत्तर नाही. बाळाचाही आवाज नाही.

"निजले दोघं. उठवू नको," आत्या म्हणाली.

"आत्या, बाटली भरली तेव्हा शेगडी कुठं होती?"

"आंगणात."

"का?"

"काहून म्हंजे? आपल्या घरची हवा कॉलेजात जाणार, अन् मी धुराची पाठवू? शेगडी काढली, खिडकी उघडली, झाडलं, सारवलं, मंग भरली. अन् तू यायच्या आंधी सारं होतं तसं करून ठेवलं."

मी दार ढकललं. बहीण हलवूनही डोळे उघडेना. बाळ आत्याच्या हातात कोंबलं, बहिणीला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. आत्या बाळाचे तळवे चोळत राहिली. प्रबंधात मी मिनिटामिनिटाची नोंद ठेवत असे, त्या वेळी घड्याळ बघितलं नाही.

आधी बाळ रडलं. मग बहिणीने डोळे उघडले आणि ती माझ्या पातळावर ओकली. त्या क्षणी मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

शेगडी पुन्हा आत गेली नाही. आत्याने स्वतः तिच्यावर पाणी ओतलं. मग मला म्हणाली, "शिवलीस. आता आंघोळ कर."

अमरावतीला परतल्यावर बायांनी भरून दिलेल्या सगळ्या बाटल्यांचे निकाल मी खोडले. प्रबंध वर्षभर लांबला, मार्गदर्शक सर रागावले. पुढच्या हिवाळ्यात प्रत्येक खोलीत मी स्वतः गेले, शेगडी जळत असताना बाटली उपडी केली, आणि प्रत्येक घरी निघण्याआधी आंघोळ केली.