पहाटेच्या एकेचाळीस बाटल्या

बुडबुडेकाकांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच होतं. तळ्याचे नमुने भरायचं त्यांचं काम. नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, दोन बाटल्या भरतील इतकं पाणी वरून वाहू द्यायचं, मग बूच लावायचं. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी बाटली ओतून पुन्हा भरायची, कारण तेवढी हवासुद्धा पाण्याशी देवघेव करते आणि मोजणीचा बट्ट्याबोळ होतो. बावीस वर्षं त्यांनी हा नेम पाळला. "एवढं लक्ष घरात दिलं असतं तर," असं बायको म्हणे. पुढचं बोलायची तिला गरज पडत नसे.

तळं हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं की उलट हवेत सोडतं, एवढंच संस्थेला शोधायचं होतं. साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं: पितं. त्यावर त्यांनी गावोगाव भाषणं ठोकली. नमुने मात्र कायम अकरा वाजताचे, कारण ऑफिस साडेदहाला उघडे आणि चहा झाल्याशिवाय होडी हलत नसे. उन्हात पाण्यातलं शेवाळ तो वायू खातं, मग तळं हवेतून ओढून घेणारच. पण अंधारात शेवाळाचं खाणं बंद असतं, तेव्हा काय होत असेल? काकांना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. एका उन्हाळ्यात ते स्वतःच्या हौसेने एकेचाळीस वेळा पहाटे तळ्यावर गेले आणि बाटल्या लॅबमध्ये तपासून घेतल्या. पाण्यातल्या जीवांनी रात्रभर सोडलेल्या श्वासाने तळं गच्च भरलेलं होतं आणि तो वायू हवेत सोडत होतं. काकांनी वही साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी लाल शाईत लिहिलं, 'कार्यालयीन वेळेबाहेर. ग्राह्य नाही.' खाली झोकदार सही केली.

"काका, तुम्ही बाटल्या भरा. डोकं आम्ही चालवतो."

काकांनी वही उचलली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराच्या होडीत जाऊन बसले. पुढे त्यांना सगळ्यात जास्त राग आला तो याचाच.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मुलीने संस्थेचा नवा अहवाल त्यांना वाचून दाखवला. तळं पितं त्याहून जास्त सोडतं, असा शोध लागला होता. जुन्या बावीस वर्षांच्या नोंदी बाद ठरवल्या होत्या, 'नमुने घेणाऱ्याने सोयीची वेळ निवडल्यामुळे.'

"कुणाच्या सोयीची?" काका म्हणाले, आणि वही काखोटीला मारून तडक संस्थेत गेले.

नव्या मॅडमनी लाल शेरा दोनदा वाचला. बाई भल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मग काहीशा संकोचाने अहवालाचं पहिलं पान पुढे केलं. संशोधकांत पहिलं नाव साहेबांचंच होतं.

"नमुने घेणाऱ्याचं नाव आम्ही कुठेच देत नाही, काका. त्यामुळे तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

काका वही घेऊन तळ्याकाठाने घरी निघाले. हिवाळ्यात गार पाण्याने बोटं बधिर झालेली असताना ओतून दिलेल्या, पुन्हा भरलेल्या बाटल्या त्यांना एकेक आठवत होत्या. बुडबुड्यासकट बूच लावलं असतं, तरी चाललं असतं.