उचगावचा खडू आणि माझी पहिली दुरुस्ती

दीड महिना एका मेलच्या उत्तराची वाट पाहिली आणि शेवटी एका शनिवारी सकाळी साताऱ्याच्या स्टँडवरून कोल्हापूरची एसटी पकडली. पाठीवर एक सॅक, खिशात पेन ड्राइव्ह. घरी विचारलं, कशाला चाललास? म्हटलं, फेब्रुवारीचं काम आहे. दिवस पावसाळ्याचे होते, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.

काम खरंच फेब्रुवारीचं होतं. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडल्यावर मी सायबर कॅफेत बसून एक प्रोग्रामिंग भाषा शिकत होतो. ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही. जगभरची माणसं मिळून ती घडवतात, तिच्या पोटातलं सगळं कुणालाही वाचता येतं, दुरुस्तही करता येतं. आसपासच्या जत्रांच्या तारखा काढणारा एक प्रोग्राम मी लिहीत होतो. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की तो मोडून पडायचा. माहितीपुस्तिकेत तर लिहिलेलं, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस मिळेल. चूक माझी नव्हती, भाषेची होती. मी दुरुस्ती केली, तो भाग ज्या गृहस्थांनी लिहिला होता त्यांना मेल केली. एकदा नाही, तीनदा. उत्तर नाही.

तोवर मी एकही गोष्ट पुरी केली नव्हती. डिप्लोमा अर्धा, तबला अर्धा, गोव्यापर्यंतची सायकलवारी निपाणीपर्यंत. ही एवढी तरी पुरी व्हावी असं फार वाटत होतं. नवी आवृत्ती तोंडावर आली होती आणि रविवारपर्यंत आलेल्या दुरुस्त्याच तीत जाणार होत्या. भाषेच्या सार्वजनिक चर्चायादीवर, म्हणजे जिथे टाकलेली मेल सगळ्यांना दिसते तिथे, सुनंदा कांबळे नावाच्या बाई नवख्यांना उत्तरं द्यायच्या, नावाखाली ‘कोल्हापूर’ लिहायच्या. त्यांना विचारलं, तर एका ओळीत उत्तर आलं: ‘या की. उचगावला फाउंड्रीत असते. सुट्टी सोमवारी.’

सरळ गेलो असतो तर तीन तासांत पोचलो असतो. पण वाठारच्या फाट्यावर गाडी थांबली आणि शेजारचा म्हातारा म्हणाला, वारणानगर बघितलं नसशील तर उतर. उतरलो. वडापच्या जीपमध्ये, म्हणजे माणसं भरली की सुटते त्या जीपमध्ये, चौदावा बसलो. कारखान्याची चिमणी, कॉलनीतल्या एकसारख्या घरांच्या रांगा, शाळा सुटल्यावर सायकलींचा पूर. ओळखीच्या एका शिक्षकांकडे जेवलो, तिथेच झोपलो. जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण हातात दोन दिवस असताना. माझ्या हातात एकच उरला होता.

रविवारी कोल्हापूर. स्टँडवरून उचगावला सिटी बस मिळते, पण तिची वाट बघण्यापेक्षा शेअर रिक्षा बरी. फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, पत्र्याची, दारातच जळक्या वाळूचा वास. सुनंदाताई तिथे माल तपासायच्या. चाळिशीच्या, साडीवर खाकी ॲप्रन, हातात खडू. टेबलामागे बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली कंपनीचा जुना कॉम्प्युटर.

“काल येनार हुता न्हवं, पावणं?”

“वारणानगरला उतरलो.”

“बरं केलं. दावा तुमची मेल.”

मी छापून आणलेली पानं दिली. त्या उभ्याउभ्याच वाचत राहिल्या. ‘आदरणीय सर, आपण फार मोठे, मी अगदीच नवखा, लहान तोंडी मोठा घास घेतोय...’ पहिलं पान झालं. दुसरं झालं.

“चूक कुठं हाय ह्यात?”

“तिसऱ्या पानावर.”

“आनि ही त्यांना एकट्यालाच धाडली? यादीवर न्हाय टाकली?”

“चारचौघांत कसं सांगायचं, तुमचं चुकलंय म्हणून? मोठा माणूस.”

त्यांनी पानं मला परत दिली. ओतून आलेल्या पंपाच्या भागांची रांग लागली होती, तिकडे वळल्या. एका भागाला छोटंसं छिद्र होतं, ओतताना हवा अडकल्याचं. त्याभोवती त्यांनी खडूनं ठळक वर्तुळ काढलं आणि तो भाग येण्याजाण्याच्या वाटेवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

“अण्णा, हितं या.”

वाळूचे साचे करणारे अण्णाप्पा आले. साठीला टेकलेले. चार पोरंही मागून डोकावली. अण्णा वाकून बघत राहिले.

“व्हय की. वाळू वली हुती सकाळची.” मग पोरांकडे वळून, “बघा रं, वली वाळू अशी करती.”

मी विचारलं, “राग नाही येत, अण्णा? सगळ्यांसमोर?”

“राग कुनाचा करू, लोखंडाचा?” ते म्हणाले. “खूण केली न्हाय तर धा साचे तसंच व्हत्यात की. ही पोरगी गुपचूप कानात सांगाय लागली तर मात्र राग यील. मी काय आजारी हाय?”

सुनंदाताई हसल्या. “ऐकलं? आता भाकरी खावा आनि चला.”

भाकरी, खर्डा आणि दही खाऊन, त्यांची पाळी सुटल्यावर आम्ही मंगळवार पेठेतल्या एका कॅफेत गेलो. पंधरा रुपये तास, पंखा एकच, तोही मालकाकडे तोंड करून. ताईंनी आधी तासभर यादीवरच्या जुन्या दुरुस्त्या वाचायला लावल्या. लोक कसं लिहितात ते बघा, म्हणाल्या. मग माझी तीन पानं सहा ओळींवर आली: काय केलं, काय मिळायला हवं होतं, काय मिळालं. सबंध फाइल नाही, बदललेल्या ओळीच जोडायच्या. सोबत एक चाचणी, म्हणजे चूक पकडणारा छोटा प्रोग्राम, जो दुरुस्तीआधी नापास होतो आणि नंतर पास. इतकंच. तुमच्यापैकी कुणाला असं काही करायचं असेल तर याहून जास्त काही लागत नाही. माफी तर मुळीच नाही.

पाठवायचं बटण मीच दाबलं. पाऊण तासात परक्या देशातल्या कुणीतरी लिहिलं, लीप वर्षाची चाचणी कुठाय? माझा चेहरा उतरला.

“वर्तुळ काढलंय त्यानं,” ताई म्हणाल्या. “भाग फेकून न्हाय दिला.”

चाचणी जोडली, परत पाठवली. ताईंनी मला स्टँडवर सोडलं.

सोमवारी साताऱ्यात उत्तर वाचलं. दुरुस्ती घेतली होती, नावासकट. ज्यांना मी तीन मेल केल्या होत्या, त्या गृहस्थांनीही लिहिलं होतं: दोन वर्षं तो भाग मी बघत नाही, तो पत्ताही उघडत नाही, यादीवर टाकलं असतंत तर त्याच दिवशी झालं असतं, आभार. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, मग फेब्रुवारी झाला का नीट? झाला, म्हटलं.

पुढे तीन महिन्यांनी मला एक मेल आली. नांदेडची एक मुलगी, विद्यार्थिनी. ‘आदरणीय सर, आपण फार अनुभवी...’ अडीच पानं. तिसऱ्याच्या सुरुवातीला होतं की महिने वजा केले तर माझीच दुरुस्ती चुकीचं उत्तर देते. करून पाहिलं. खरंच देत होती.

तिनं ते फक्त मलाच कळवलं होतं. मी गुपचूप नीट करून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. आयुष्यात पुरी केलेली एकच गोष्ट, आणि तिलाही छिद्र. चहा प्यायला गेलो, नंतर नदीपर्यंत चालत गेलो, कारण नसताना एक सायकल दुरुस्त होताना बघत बसलो. परत येऊन तिला लिहिलं, हे यादीवर टाका, सगळ्यांसमोर, माझ्या नावासकट. ‘सर’ काढा, माफी काढा. दुरुस्तीही तुम्हीच करा. अडलं तर मी आहे.

आणि खाली आणखी एक ओळ टाकली, जी तिला कदाचित कळली नसेल: वर्तुळ जरा ठळक काढा.